चाळीस दिवसांचे व्रत

उपवासाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिल्याच पावलाला एक अडचण येते, ती ही की, जो उपवास मनापासून घडतो त्याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही, आणि दप्तरांत जे उरते ते बहुतेक नियमांचे, नियमांतून मिळालेल्या सवलतींचे आणि नियमभंगाच्या फिर्यादींचे कागद असतात. ख्रिस्ती धर्मातील चाळीस दिवसांच्या व्रताची हकीकतही बरीचशी अशीच आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर भस्माचा क्रूस घेऊन ज्याचा आरंभ होतो आणि पुनरुत्थानाच्या सणाला ज्याचे पारणे होते, त्या काळास आपल्याकडील ख्रिस्ती समाज उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतो. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे स्मरण म्हणून वगळले म्हणजे शेहेचाळीस दिवसांतून चाळीस उरतात आणि येशूने अरण्यात केलेल्या उपोषणाशी त्यांचा मेळ बसतो. हा हिशेब मात्र प्रारंभापासून असा पक्का नव्हता. आणि तो पक्का होत असताना, पुढे त्यावर कायदेकानूंचे थर चढत असताना, मूळ हेतूचे काय झाले हे पाहू लागले असता वैयक्तिक त्याग या गोष्टीविषयीच्या आपल्या काही रूढ समजुती तपासून घेण्याची वेळ येते.

या व्रताचा सर्वांत जुना धागा सापडतो तो ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा ग्रंथात. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी केव्हातरी रचलेल्या या ग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वीच्या उपवासाचे विधान आहे. दीक्षा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपवास करावा हे तर त्यात आहेच; परंतु दीक्षा देणाऱ्यानेही तो करावा आणि मंडळीतील ज्यांना झेपेल त्या इतरांनीही करावा, असेही त्यात सांगितले आहे. ज्याचा जन्म नव्याने व्हावयाचा त्याला एकट्याला उपाशी ठेवू नये, जे आधीच आत आले आहेत त्यांनी त्याच्याबरोबर भूक सोसावी, असा या विधानाचा सरळ अर्थ होतो. पुढच्या शतकांत हा एक-दोन दिवसांचा उपवास लांबत गेला, पण एकसारखा लांबला नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ल्योंचा बिशप इरेनियस याने रोमचा बिशप विक्टर यास जे पत्र लिहिले त्यात कोणी एक दिवस, कोणी दोन, कोणी त्याहून अधिक तर कोणी सलग चाळीस तास उपवास करतात असे नमूद करून, या भेदामुळे आपसांतील शांतता कधी भंगली नाही याची त्याला आठवण दिली आहे. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेच्या पाचव्या कलमात ‘चाळीस दिवस’ हा काळ सर्वांस ठाऊक असल्यासारखा ओझरता येतो. म्हणजे चौथ्या शतकाच्या पहिल्या चरणात तो रूढ होऊ लागला असला पाहिजे. तरीही सर्वत्र एकदम नव्हे, कारण त्यानंतर काही वर्षांनी अलेक्झांड्रियाचा अथानासियस रोमहून आपल्या माणसांना कळवतो की, सारे जग उपवास करीत असता मिसर देशाने तेवढा न करून हसू करून घेऊ नये.

या उपवासाचे प्रत्यक्ष दर्शन घडवणारा कागद आपल्या सुदैवाने एका स्त्रीच्या हातचा आहे. एगेरिया नावाची एक धर्मनिष्ठ बाई पश्चिम युरोपातून निघून इ. स. ३८१ ते ३८४ या काळात यरुशलेमेत राहिली आणि तिने घरच्या भगिनींसाठी तेथील उपासनेचा वृत्तांत लिहिला. त्याची एकमेव प्रत, तीही खंडित, १८८४ साली इटलीतील आरेत्सो येथे उजेडात आली. यरुशलेमेत तेव्हा हा काळ आठ आठवड्यांचा होता, कारण तेथे रविवारांप्रमाणेच, एक सोडून, शनिवारही उपवासातून वगळलेले असत. ज्यांना बाप्तिस्मा घ्यावयाचा असेल त्यांची नावे आधी धर्मगुरू टिपून घेई. दुसऱ्या दिवशी मोठ्या मंदिराच्या मध्यभागी बिशपचे आसन मांडले जाई, दोन्ही अंगांस धर्मगुरू बसत, आणि दीक्षार्थी एकेक करून पुढे आणले जात. पुरुष आपल्या धर्मपित्यांसह आणि स्त्रिया आपल्या धर्ममातांसह. मग त्या इसमाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची जबानी होई. याचे वर्तन नीट आहे काय, हा आईबापांचा मान राखतो काय, दारूचे किंवा खोटेपणाचे व्यसन तर याला नाही, असे प्रश्न बिशप विचारी. साक्ष निर्मळ निघाली तर तो स्वहस्ते नाव दाखल करी. दोष निघाला तर वर्तन सुधारून येण्यास सांगे. परगावच्या माणसाला ओळखणारे साक्षीदार नसले तर त्याचे काम सहजासहजी होत नसे. नाव दाखल झालेल्यांना मग रोज सकाळी तीन तास बिशप स्वतः शास्त्र समजावून सांगे, आणि पूर्वीच दीक्षा घेतलेले लोकही तेथे बसून ऐकत.

पथ्याविषयी एगेरियाने जे लिहिले आहे ते तर पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. भाकरी नाही, तेल नाही, झाडाचे फळ नाही. पाणी आणि पिठाची थोडी पेज एवढाच आहार. कित्येक जण रविवारी जेवले की थेट पुढच्या शनिवारपर्यंत काही घेत नसत. ज्यांना तेवढे साधत नसे ते मध्ये गुरुवारी जेवत. ज्यांना तेही अवघड जाई ते दोन दिवसांआड जेवत आणि उरलेले रोज संध्याकाळी. इतके सांगून ती पुढे नोंदवते की, कोणी किती करावे असा तगादा कोणी लावीत नाही, ज्याला जेवढे झेपते तेवढे तो करतो, आणि अधिक करणाराची वाहवा होत नाही की कमी करणाराला बोल लागत नाही. कठोर देहदंड आणि त्याविषयी इतका निर्लेप मोकळेपणा ही दोन्ही एकाच गावात, एकाच वेळी नांदत होती, ही गोष्ट या व्रताच्या पुढील इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ठळकपणे उठून दिसते.

रोमेत हाच भाव निराळ्या वाटेने गेला. इ. स. ४४० ते ४६१ या काळातील पोप थोरले लिओ यांची उपवासकाळातील प्रवचने उपलब्ध आहेत, आणि त्यांतून एक सूत्र वारंवार निघते: आपल्या ताटातून जे वाचले ते गरिबाच्या ताटात पडावे, अन्यथा तो उपवास नव्हे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांनी गणित मांडले की, सहा आठवड्यांतून रविवार वजा जाता छत्तीस दिवस राहतात आणि ते वर्षाच्या दिवसांचा दशमांश असल्याने मनुष्य जणू आपल्या आयुष्याचा दशमांश ईश्वराला भरतो. हे गणित सुंदर असले तरी भाविकांना चाळीसच हवे होते; म्हणून पुढे आधीच्या आठवड्यातील चार दिवस जोडले गेले आणि आरंभ बुधवारावर आला. त्या बुधवारची राख ही मुळात सर्वांची नव्हती. ज्यांच्या हातून घोर पातक घडले ते या काळाच्या आरंभी गोणपाट नेसून व राख घेऊन मंडळीपासून दूर उभे राहत आणि पवित्र सप्ताहातील गुरुवारी त्यांना पुन्हा आत घेतले जाई. ही जाहीर प्रायश्चित्ताची चाल मोडत गेली तशी ती राख उरलेल्यांनीच आपल्या माथी घेतली, आणि १०९१ साली बेनेव्हेंतो येथील धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांनी ती सर्व भाविकांसाठी विहित केली. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या फांद्या जाळून ही राख करण्याची चाल त्यानंतरची, आणि ती आजही चालू आहे.

यापुढची काही शतके मात्र कायद्याची आहेत. दिवसातून एकच जेवण, तेही सूर्यास्तानंतर. मांस वर्ज्य, आणि त्याबरोबर अंडी, दूध, लोणी, चीज हेही वर्ज्य, असा पश्चिमेकडील सर्वसाधारण दस्तूर होता. जेवण सूर्यास्तानंतरचे होते ते तिसऱ्या प्रहरावर आले, आणि चौदाव्या शतकापर्यंत दुपारच्या बारावर. दुपारी जेवल्यावर रात्र जड जाते म्हणून मग मठांतून सायंकाळच्या वाचनाच्या वेळी घेतला जाणारा घोटभर पेयाचा व घासभर अन्नाचा अपवाद सर्वांना लागू झाला. जमाबंदीच्या दप्तरात सूट, माफी आणि तहकुबीची कलमे मूळ आकारणीपेक्षा अधिक जागा अडवून बसावीत तशी या व्रताची स्थिती होत गेली. युरोपच्या उत्तरेस ऑलिव्हचे झाड रुजत नाही. तेथील रयतेला लोणी वर्ज्य करून दुरून आलेले महाग व पुष्कळदा खवट तेल खावयास लावणे हा नियम मुळातच जाचक होता. तेव्हा ठरावीक रक्कम धर्मकार्यास देऊन लोणी खाण्याची सनद मिळवण्याची सोय निघाली. फ्रान्समधील रुआं शहराच्या कॅथीड्रलचा, १४८५ ते १५०६ या काळात बांधलेला एक बुरूज आजतागायत ‘लोण्याचा बुरूज’ या नावानेच ओळखला जातो, कारण त्याच्या बांधकामात या सवलतीचा पैसा लागला. स्पेन व पोर्तुगालच्या प्रजेला क्रुसेडच्या सनदेच्या रूपाने अशीच मुभा विकत मिळे. त्यागाला एकदा दर लागला की तो धनवानाला स्वस्त पडतो आणि गरिबाला पूर्वीइतकाच महाग राहतो, हे उघड आहे. लिओंच्या प्रवचनांत श्रीमंताच्या ताटातून गरिबाच्या ताटाकडे जाणारा ओघ आता बुरुजाच्या दगडांकडे वळला होता.

याविरुद्ध ओरड झाल्याखेरीज कशी राहील? १५२० साली मार्टिन लूथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रकात लोण्याच्या या विक्रीवर कडाडून टीका केली. दोन वर्षांनी, ९ मार्च १५२२ रोजी, म्हणजे ऐन उपवासकाळात, झुरिच येथील मुद्रक क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी मांसाचे सॉसेज कापून वाटले गेले. जत्रेपूर्वी पुस्तके छापून पुरी करावयाची आहेत, कामकऱ्यांना रात्रंदिवस खपावे लागते, नुसत्या पेजेवर ते निभत नाही, अशी कैफियत त्याने नगरसभेपुढे मांडली. झुरिचचा धर्मोपदेशक झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः तुकडा तोंडात घातला नाही, पण दोन आठवड्यांनी व्यासपीठावरून त्या कामकऱ्यांची बाजू घेतली, आणि स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेचा आरंभ इतिहासकार या प्रसंगापासून मोजतात. अन्नाविषयी मनुष्य मोकळा आहे, ज्याला उपवास करावयाचा त्याने खुशाल करावा, परंतु त्याची सक्ती देवाच्या नावाने करू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्याला जेवढे झेपेल तेवढे, हे यरुशलेमेत हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणी न सांगता चालत होते. ते आता भांडून मागावे लागले.

हा वाद युरोपात पेटत असतानाच ते व्रत पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागले. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेली, आणि या प्रदेशांत नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना चाळीस दिवसांच्या उपवासाची ओळख झाली. ओळख म्हटले ती विधीची; उपवास ही कल्पना त्यांना कोणी शिकवावयास नको होती. एकादशी, शिवरात्र, चातुर्मास ज्यांच्या हाडीमाशी मुरले होते त्यांना मिताहाराचे माहात्म्य सांगणे म्हणजे समुद्रकाठच्याला पोहण्याचे धडे देण्यासारखेच होते. परंतु राजसत्तेला उपवासात आध्यात्मिक अर्थापेक्षा निष्ठेची खूण अधिक दिसत होती. गोव्यातील धर्मन्यायासनाने १७३६ साली जो विस्तृत जाहीरनामा काढला, ज्याचा परिचय अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे अभ्यासकांना झाला आहे, त्यात ख्रिस्ती प्रजेने पाळू नयेत अशा जुन्या चालींच्या यादीत एकादशीच्या उपवासाचाही समावेश होता. एका तिथीला उपाशी राहणे गुन्हा आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे कर्तव्य, अशी ही व्यवस्था. व्रत जेव्हा माणसामाणसांतील सीमा आखण्यासाठी राबवले जाते तेव्हा त्याचा अंतर्भाव कसा सुकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

तरीही या भूमीने त्या व्रताला आपले काही दिले, हेही तितकेच खरे. इंग्लंडमधील विल्टशायरमधून आलेल्या आणि १५७९ साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराणश्रवणाची गोडी असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीच्या चालीवर आली, आणि चर्चमधून ती वाचली-गायली जाऊ लागली. गोवा वेल्हा येथे फ्रान्सिस्कन परंपरेतून सुरू झालेली संतांची मिरवणूक झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या सोमवारी आजही निघते. संन्यस्त तसेच गृहस्थाश्रमी संतांच्या, राजाराण्यांच्या पूर्णाकृती मूर्ती भाविक खांद्यांवरून गावातून नेतात. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यातील संन्यासी संघ बरखास्त केल्यावर ही परंपरा खंडित झाली होती, ती मागाहून पुन्हा उभी राहिली. उपवासकाळाच्या रविवारी येशूच्या यातनांच्या मूर्तींपुढे गाइली जाणारी लॅटिन मोतेत-गीतेही गावोगावच्या चर्च-शाळांतून तयार झालेल्या गोमंतकीय मेस्तांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, रचलेली असत. तीव्र उपवासापेक्षा दुःखसहनाचे एकत्र ध्यान हा या व्रताचा गाभा येथे बनला, आणि ते ध्यान एकट्याने कोठडीत बसून करावयाचे नसून गावाने गावाबरोबर चालून करावयाचे होते.

वसईची हकीकत मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय संन्यासीही गेले. व्रताचा हुकूम देणारी सरकारी यंत्रणा उरली नाही. धर्मन्यायासनाचा धाक उरला नाही. काही कुटुंबे पूर्वधर्मात परतली. मागे राहिलेल्या वाडवळ, सामवेदी, कोळी इत्यादी समाजांतील ख्रिस्ती मंडळींची काळजी एतद्देशीय धर्मगुरूंनी वाहिली. ज्या प्रदेशात ख्रिस्ती असण्यात सरकारदरबारी काही लाभ नव्हता, तेथे राखेचा बुधवार, शुक्रवारची क्रुसाची वाट आणि शुभ शुक्रवार पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. सक्तीने आलेली गोष्ट सक्ती उठल्यावर टिकली, तेव्हाच ती त्या लोकांची झाली असे म्हणावे लागेल.

या किनाऱ्यावर नियमांचा अर्थही थोडा उलटापालटा होई. मांस वर्ज्य आणि मासळी चालेल हा नियम मांसाहारी युरोपीय श्रीमंताला डोळ्यांपुढे ठेवून झालेला. कोळीवाड्यातल्या चुलीला त्याने कसली झळ लागणार? सुके बोंबील आणि सुकट हे तेथे गरिबाचे रोजचेच कोरड्यास. तेथे खरा त्याग दुसरीकडे शोधावा लागे: दारू सोडण्यात, जुने भांडण मिटवण्यात, आणि मांडव व वाजंत्री यांना रजा देण्यात. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थान-सणानंतरच्या आठवड्यापर्यंत समारंभपूर्वक विवाह करण्यास मनाई केली होती. ऐन फाल्गुन-चैत्रात, आंब्याला कैऱ्या धरलेल्या आणि शेतीची कामे सैलावलेली असताना, सोयरिकी जमलेल्या घरांनी थांबावे, ही गोष्ट एका घासाच्या त्यागापेक्षा गावाला अधिक जाणवणारी होती. याउलट, अहमदनगरकडे १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत राख नव्हती की चाळीस दिवसांचे पथ्य नव्हते, कारण त्यांचे संस्थापक उपवासकाळ न मानणाऱ्या प्युरिटन परंपरेचे वारस होते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या दोन मोठ्या शाखांत या व्रताविषयी जी तफावत दिसते, तिचे मूळ असे झुरिच आणि रोमपर्यंत जाते.

विसाव्या शतकात कॅथलिक धर्मसभेने स्वतःच हे कायद्याचे ओझे उतरवले. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या आज्ञापत्राने बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवसांवर आणला, शुक्रवारच्या मांसवर्जनाऐवजी दानधर्म किंवा प्रार्थना विहित करण्याचा अधिकार देशोदेशींच्या बिशपांना दिला आणि प्रायश्चित्ताचा आत्मा मात्र सर्वांवर बंधनकारक ठेवला. ६ जानेवारी १९७२ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या दीक्षाविधीने उपवासकाळाच्या आरंभी दीक्षार्थींची नावे नोंदवण्याचा आणि त्यांच्याविषयी साक्ष घेण्याचा प्राचीन विधी पुन्हा चालू केला. ताटातून वाचलेले गरिबाकडे जावे या लिओंच्या सूत्रालाही संस्थात्मक रूप आले: जर्मनीतील कॅथलिकांनी १९५८ साली मिझेरिओर ही संस्था काढून उपवासकाळातील दान आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील दरिद्री समाजांकडे वळवले, आणि १९६२ साली स्थापन झालेली कॅरितास इंडिया आपल्याकडे या चाळीस दिवसांत भूक व रोग यांविरुद्ध निधी जमवते. म्हणजे दोन सहस्रकांच्या फेऱ्यानंतर व्रत बऱ्याच अंशी आपल्या मूळ जागी येऊन उभे राहिले आहे.

पूर्वीच्या काटेकोर उपवासाची आठवण काढून आजच्या पिढीला बोल लावणारे लोक प्रत्येक धर्मात असतात, आणि नियम सैल झाले म्हणजे श्रद्धाही सैल झाली असा त्यांचा सिद्धांत असतो. या व्रताचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. नियम जेव्हा सर्वांत कडक होते तेव्हाच सवलतींचा बाजार सर्वांत तेजीत होता, आणि हुकूम करणारी सत्ता जेथून निघून गेली त्या वसईत व्रत टिकले. वैयक्तिक त्याग म्हणजे आपल्या पुण्याच्या खात्यावर आपणच केलेली जमा, असे समजून जेव्हा जेव्हा हे दिवस पाळले गेले तेव्हा तेव्हा त्यांत दर, सूट आणि पळवाटा शिरल्या. आणि नव्या दीक्षार्थीसाठी, वाट चुकलेल्यासाठी किंवा भुकेल्यासाठी जेव्हा ते पाळले गेले तेव्हा मोजमापाची गरजच भासली नाही. चाळीस दिवस उपाशी राहून मनुष्य आत्मिकदृष्ट्या वाढला की नाही हे पाहण्याची कसोटीही त्यामुळे फार गूढ नाही. त्याच्या उपवासाने दुसऱ्या कोणाचे भले झाले असेल तर तो वाढला. नसेल तर तो नुसता उपाशी राहिला.